आत काय करतात?

उपकेंद्राच्या ओट्याखाली चपला वाढत चालल्या आहेत, पण आतल्या खोलीचं दार अजून एकदाही लागलेलं नाही. साडेदहा वाजलेत. रक्तदाबाच्या टेबलापाशी गर्दी आहे, साखरेसाठी बोट टोचून घ्यायलाही गर्दी आहे. तिसऱ्या खुर्चीपाशी सिस्टर टॉर्च घेऊन तोंडं तपासते आहे. "आ करा मावशी. जीभ वर. मिसरी किती वेळा लावता?" मावशी तीन बोटं दाखवतात. सिस्टर हातमोज्यातलं बोट गालाच्या आतून फिरवते, चट्टा नाही म्हणते आणि मिसरी सोडा म्हणून बजावते. मावशी हसत पुढे सरकतात आणि आतल्या खोलीपाशी येऊन थांबतात. तिथे स्तनांची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. मावशींना एकदम आठवतं, शेळी उन्हात बांधून आलोय. त्या निघतात. त्यांच्या मागचीला वाटतं, नातू उठला असेल. तिच्या मागची काहीच सांगत नाही, पदर सावरते आणि चपला शोधायला लागते.

धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. जानेवारीचा दुसरा आठवडा. शिवारात ज्वारी हुरड्यात आलेली. मी बायकांच्या आरोग्यावर लिहिते. आज इथे बसायची परवानगी डॉक्टरांकडून घेतली आहे आणि बायकांकडूनही, एकेकीला विचारून. कुणाचं नाव लिहिणार नाही असं सांगितलं, तेव्हा एक जण म्हणाली, "ल्ह्या की. आमचं नाव कोण ल्हितंय?" तरी मी लिहिणार नाही.

आशाताईंच्या मांडीवर जाड रजिस्टर आहे. तिशीपुढच्या प्रत्येक बाईची त्यात एक ओळ. गेल्या वर्षीच्या पानांवर शेवटच्या रकान्यात नकाराचं कारण लिहिलंय: 'लाज'. त्याच्याखाली तसंच, तसंच, तसंच अशा खुणा पानाच्या तळापर्यंत. मधूनच कुठे 'ऊसतोडीला गेली'. तांड्यावरची निम्म्याहून जास्त घरं आत्ता कुलूपबंद आहेत, दिवाळीनंतर गेलेली माणसं पाडव्याच्या सुमारास परततील. ज्यांना या तपासणीची गरज सगळ्यांत जास्त, त्या बायका आज कुठल्याशा कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असणार. शिबिराची तारीख ठरवताना याचा विचार झाला असता तर बरं झालं असतं. आशाताई म्हणतात, "तारीख वरनं येती."

मी कडुलिंबाखाली बसलेल्या बायकांत जाऊन बसते. सात-आठ जणी आहेत. विचारते, आत काय करतात असं तुम्हाला वाटतं?

"पिशवीचा तुकडा काढत्यात," पहिली म्हणते. दुसरीला वाटतं, मशीन घालून फोटो काढतात. तिसरी आवाज खाली आणते: "न सांगता तांबी बसवत्यात. आमच्या भावजयीला बसवलीती." चौथी हे सगळं हातानेच झटकून टाकते. "तांबीचं काय न्हाई वो. एकदा बघितलं की पिशवीला सूज हाय म्हणत्यात. मग कॅन्सर व्हईल म्हणत्यात. मग पिशवीच काढायला लावत्यात. माझ्या जावंचं तसंच झालं. तिसावं लागलं न्हवतं तिला."

ही अफवा असती तर खोडून काढायला सोपी होती. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि टेबलावर घ्यायची, ही रीत या बायकांनी आपल्या घरांत, आपल्या जावांच्या पोटांवर पाहिली आहे. आता त्याच कॅन्सरचं नाव घेऊन सरकारी गाडी दारात आली आहे. या बाईला रजिस्टरमध्ये एकच शब्द मिळाला आहे: 'लाज'.

सगळ्यांत धाकटी इतका वेळ गप्प आहे. बत्तीस-तेहतीस वर्षांची, गळ्यात काळी पोत, हातावर गोंदण. ती गवताची काडी मोडत म्हणते, "बाळंतपणात हात घालून बघत्यात, तसंच आसंल ना? तसं आसंल तर मला नको."

कुणी तरी विचारतं, तसं म्हणजे कसं?

"पयल्या खेपंला. येक आली, हात घातला, गेली. दुसरी आली, तिनं घातला. काय बी बोलंनात. मी पाय आखडलं तर मांडीवर चापट मारली. म्हणली, तवा न्हाई लाजलीस, आता कशाला लाजतीस?"

झाडाखालच्या सगळ्या बायका हे वाक्य ओळखतात. दोघीतिघींच्या माना एकदमच हलतात. शब्द थोडे इकडेतिकडे, पण प्रत्येकीने ते ऐकलेलं आहे. आतल्या खोलीत काय होणार याचा यांचा अंदाज कल्पनेतून आलेला नाही. टेबलावर झोपल्यावर आपल्या अंगाचं काय होतं, हे प्रसूतिकक्षाने त्यांना एकदाच आणि कायमचं शिकवून ठेवलं आहे. ज्या बाईला ही शिकवण मिळाली ती शेळीचं निमित्त काढून घरी जाते. तिची समज मला चुकीची वाटत नाही.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास १९८९ साली आला. ९२ टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या शेकडा आठ. हे आकडे नेहमी अनास्थेचा पुरावा म्हणून दिले जातात. मला मात्र त्यांत दुसरी गोष्ट जास्त मोठी दिसते: विदर्भाच्या त्या कोपऱ्यात शेकडो बायका आतून तपासून घ्यायला तयार झाल्या. विचारणारी बाई त्यांना विश्वासाची वाटली.

आणि ते या जिल्ह्यातही झालं आहे. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या आजी मघापासून ऐकत आहेत. सत्तरीच्या पुढच्या. आता त्या बोलतात. "माझ्या भैनीच्या गावात गाडी येयची. लई सालं झाली. पोरं ल्हान व्हती आमची. आदी दोन पोरी घरी यायच्या. कागुद वाचून दाखवायच्या. भैनीनं दोनदा माघारी लावल्या, तरी तिसऱ्यांदा आल्या. च्या पिल्या, बोलत बसल्या. मग गेली भैन. समदा गाव गेला. आमच्या गावात न्हाई आली गाडी."

ती गाडी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाची असणार. टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांच्याबरोबर या रुग्णालयाने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे याच जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकाला पॅप चाचणी, एकाला व्हिनेगरची, आणि चौथ्याला नुसती माहिती. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले आणि जगभर गाजले. एचपीव्हीच्या एकाच चाचणीला बोलावलेल्या ३४ हजार बायकांच्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात साडेएकतीस हजार बायका होत्या, तिथे ६४. हा चौसष्टचा आकडा मला नुसता वाचून पुढे जाता येत नाही. त्या बायका इथल्याच होत्या. अशाच झाडांखाली बसणाऱ्या.

पण आजींच्या बोलण्यातून मला त्या अभ्यासातला वेगळाच आकडा आठवतो, ज्याची चर्चा फार होत नाही. तपासणीला बोलावलेल्या दर पाच बायकांपैकी जवळजवळ चार बायका आल्या होत्या. याच मातीतल्या, पदर असाच डोक्यावर असलेल्या, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. लाज हेच कारण असेल तर ती वीस वर्षांत एवढी वाढली कशी? तेव्हा कुणी तरी तिसऱ्यांदा घरी गेलं होतं, चहा प्यायलं होतं, कागद वाचून दाखवला होता. आज आशाताईंना दोन दिवसांत ऐंशी घरांत 'बुधवारी या' म्हणून सांगायचं होतं. त्यांनी ते सांगितलं.

"तुमची केलीया का वो तपासणी?" चौथी बाई मला विचारते.

झाली आहे, काही वर्षांपूर्वी. मी सांगते, मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात. टेबलावर झोपल्यावर पडदा सरकला आणि पायांशी पाच-सहा विद्यार्थी येऊन उभे राहिले. मला कुणी विचारलं नाही. डॉक्टर माझ्याबद्दल त्यांच्याशी बोलत होत्या, माझ्याशी एक शब्दही नाही. झाडाखालच्या बायका माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतात.

"मंजे शिकलेल्यास्नी बी तसंच."

"पुन्हा करायची वेळ झाली आहे माझी," मी म्हणते.

"मग आदी तुमी जावा. आमाला येऊन सांगा."

मी जाते. त्याआधी लघवी करून यायचं असतं, मूत्राशय भरलेलं असलं तर आत नीट दिसत नाही आणि दाबलं की त्रासही होतो. उपकेंद्राच्या संडासाला कुलूप आहे. किल्ली सापडते, पण नळाला पाणी नाही. आशाताई हापशावरून बादली भरून आणतात. सकाळपासून ज्या बायका 'घरी जाऊन येते' म्हणून गेल्या त्यांतल्या काही यासाठीही गेल्या असतील. वर पाठवायच्या तक्त्यात संडासासाठी रकाना नाही.

खोली लहान आहे. रेक्झिनचं टेबल, वर धुतलेली चादर, गूज-नेक दिवा, खिडकीला आतून चिकटवलेला कागद. दाराला कडी आहे आणि ती डॉक्टर स्वतः लावते, मला दाखवून. ग्रामीण रुग्णालयातून आलेली, पस्तिशीची असेल. मला टेबलावर घेण्याआधी ती खुर्चीवर बसवते. ट्रेमधून एक स्पेक्युलम उचलून माझ्या हातात देते. "हे सरावाचं आहे, वापरायचं दुसरं. उघडून बघा." बदकाच्या चोचीसारखी दोन स्टीलची पाती, मागे स्क्रू. स्क्रू फिरवला की पाती किती उघडतात हे मी स्वतः करून बघते. वाटलं होतं त्याहून कमी उघडतात.

"मी काय करणार ते आधी सांगते," ती म्हणते. "पहिल्यांदा बाहेरून बघणार. मग हे आत घालणार, कोमट पाण्यातून काढलेलं असतं. आत दिवा धरून गर्भाशयाचं तोंड बघणार. मग कापसाने पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर, लावणार आणि एक मिनिट थांबणार. पेशी बदललेल्या असल्या तर तो भाग पांढरा होतो. तुकडा काढत नाही, आत काही ठेवत नाही. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगेन. तुम्ही थांब म्हणालात की थांबेन. कारण विचारणार नाही."

टेबलावर झोपल्यावर छताचा पंखा दिसतो. कमरेखाली चादर आहे. गुडघे उभे करून बाजूला सोडायचे. ती सांगते, "आता हात लावतेय," आणि मग हात लावते. धातू कोमट आहे. आत शिरताना दाब जाणवतो, श्वास सोडा म्हणते तेव्हा तो कमी होतो. पाती उघडतात तेव्हा ओटीपोटात ओढ लागते, पाळीच्या पहिल्या दिवसासारखी. कापूस लागतो तेव्हा गार, मग किंचित चुरचुर. मग ते मिनिट. ती घड्याळाकडे बघत मोठ्याने सांगते: पंधरा झाले, तीस झाले. दुखतच नाही असं मी लिहिणार नाही. अवघड वाटतं, नकोसं वाटतं. पण मुंबईच्या त्या टेबलावर जे वाटलं होतं ते इथे एकदाही वाटत नाही. हत्यार तेच, शरीर तेच. "ठीक आहे सगळं," ती म्हणते, "काढतेय आता. सावकाश." मग स्तनांची तपासणी, बोटांच्या पेरांनी, काखेपर्यंत. ती माझे हात धरून मलाही करायला लावते.

झाडाखाली मी सगळं सांगते. आधी काय, मग काय, पातं किती रुंद, बोटांनी दाखवून. चुरचुर झाली तेही. कडी आतून लागते हे सांगितल्यावर दोघी एकदम म्हणतात, "खरंच?"

पहिली उठते ती काडी मोडत बसलेली धाकटी. माझ्याकडे बघते. "तुमी थांबताल का आत? डोक्याकडं?"

मी टेबलाच्या डोक्याकडे, भिंतीला पाठ लावून उभी राहते. मला फक्त तिचा चेहरा आणि वरचे हात दिसतात. डॉक्टर तिलाही स्पेक्युलम हातात देते. ती ते उलटसुलट करून बघते, बोटाने धार आहे का तपासते. धार नाही. झोपताना तिचे दात आवळलेले आहेत. "आता हात लावतेय ताई," डॉक्टर म्हणते. ती माझं मनगट पकडते. दोन-तीन श्वास जातात, आणि ती एकदम म्हणते, "थांबा."

डॉक्टर थांबते. हात बाजूला काढते, चादर खाली ओढून घेते आणि स्टुलावर मागे सरकून बसते. काय झालं विचारत नाही. बाहेर कुणाची तरी साखर वाढल्याची चर्चा चालू आहे. धाकटी छताकडे बघते, मग मान उचलून डॉक्टरकडे. डॉक्टर तशीच बसलेली. दुखलेलं काहीच नव्हतं, हे माझ्या मनगटावरच्या पकडीवरून मला कळतं, ती अजून आवळलेलीच नव्हती. तिला फक्त बघायचं होतं, खरंच थांबते का.

"करा आता," ती म्हणते.

पूर्ण तपासणीला पाच-सात मिनिटं लागतात. कपडे नीट करून ती बाहेर जाते आणि झाडाखाली माझ्यापेक्षा चांगलं सांगते, कारण ती त्यांच्या बोलीत सांगते आणि 'थांबा' म्हणाल्याचं तर दोनदा सांगते. त्यानंतर दार लागतं, उघडतं, लागतं. शेळी सोडवायला गेलेल्या मावशीही येतात. त्यांची पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झाली आहेत. डॉक्टर त्यांना सांगते, तुमच्या वयात बघायचा भाग आत सरकतो, व्हिनेगरने खात्रीचं दिसत नाही, तुमच्यासाठी एचपीव्हीची चाचणी योग्य, ती आज इथे नाही. मावशी स्तनांची तपासणी करून घेतात. इतक्या लांबून परत आल्यावर 'तुमची चाचणी नाही' हे ऐकायला लागणं मला टोचतं. याच जिल्ह्याने जगाला दाखवून दिलं की एचपीव्हीची चाचणी सर्वांत उपयोगी, आणि ती याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रात नाही. व्हिनेगरची चाचणी निरुपयोगी आहे असं नव्हे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण फेऱ्या चार होत्या. इथे पुढची कधी, हे आशाताईंना विचारलं तर त्या पुन्हा वर बोट दाखवतात.

"आमचं आमाला न्हाई का घेता येणार?" एक जण विचारते. ती शिवणकाम करते, बोटाला अजून टोपण आहे. "काडीनं घेऊन दिलं तर?" डॉक्टरचा चेहरा उजळतो. येतं, ती सांगते. एचपीव्हीच्या चाचणीला आपल्या हाताने, घरच्या घरी नमुना घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली आहे. "मग तसंच आणा की," शिवणकामवाली म्हणते, "समद्या देतील. येक बी न्हाई म्हणायची न्हाई."

विषाणूचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला. "त्यो नवऱ्याकडनं येतो का?" ओट्यावर हालचाल थांबते. डॉक्टर म्हणते, शरीरसंबंधातून येतो, दोघांतल्या कुणाकडूनही. बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. काहींचा राहतो, आणि राहिला तर कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणून आधीच शोधायचा. कधी आला, कुणाकडून आला हे कुठल्याही चाचणीत कळत नाही. एक बाई हळूच म्हणते, "हे आमच्या सासूला सांगा." कारण निकाल वाईट आला तर संशय कुणावर घेतला जाणार, हे इथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

एक जण शेवटपर्यंत नाही म्हणते. ऐकून घेते, स्पेक्युलमही हातात घेऊन बघते, आणि म्हणते, "आज नको." डॉक्टर बरं म्हणते. आशाताई रजिस्टर उघडून पेन टेकवतात आणि थांबतात. "काय लिहू?" त्या त्या बाईलाच विचारतात. बाई विचार करते. "ल्ह्या, घरी विचारलं न्हाई म्हणून." आशाताई तेवढं सगळं त्या अरुंद रकान्यात, समासात जात, लिहितात.

अडीचच्या सुमारास चाळिशीच्या एका बाईच्या तपासणीला जास्त वेळ लागतो. दार उघडतं तेव्हा ती कपडे नीट करून खुर्चीवर बसलेली आहे. ती मला हाताने आत बोलावते, मग आशाताईंनाही. डॉक्टर स्टूल तिच्यासमोर ओढून घेते.

"पांढरा डाग दिसला. लहान आहे. म्हणजे कॅन्सर नाही. असे डाग दिसलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. पण बघून घ्यायला पाहिजे. गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात या, तिथे दुर्बिणीतून बघू. गरज असेल तर तेवढाच भाग उष्णतेने जाळायचा. मिनिटभराचं काम. भूल लागत नाही."

"पिशवी काढनार न्हाई ना?"

"नाही. कुणी काढा म्हणालं तर आधी माझ्याकडे या."

"पैसं?"

"लागत नाहीत. येण्याजाण्याचं भाडं मात्र तुमचं."

"रोज बुडंल गुरवारी. हरभरा काढायला जायचंय." ती आशाताईंकडे बघते. "शुक्रवारी नसतं का?"

"गुरुवारीच असतं," डॉक्टर म्हणते. "आणखी एक. जाळलं तर दोन-तीन आठवडे पाणी जाईल अंगावरून, घाबरायचं नाही. आणि महिनाभर नवऱ्याजवळ जायचं नाही."

बाई पहिल्यांदाच थेट डॉक्टरच्या डोळ्यांत बघते. "त्ये तुमी सांगा त्यांस्नी. माझं ऐकायचे न्हाईत."

"घेऊन या त्यांना गुरुवारी. मी सांगते."

"त्ये येयचे न्हाईत."

"मी येते घरी," आशाताई म्हणतात. "आज रात्री. मामींच्या समोरच सांगते दोघांना. कागद द्या मॅडम, तुमच्या सहीचा. कागद असला की ऐकतात."

डॉक्टर कागद ओढून लिहायला घेते. "नऊची एसटी धरू या," आशाताई बाईला म्हणतात.

"नवाची नको. सातची. मंजे तीनच्या आत परत. पोरगी शाळंतनं येती."